पाण्याच्या बाजूनं

बसा. मांडी घालायलाच हवी असं नाही, भिंतीला पाठ टेकवली तरी चालेल. दुपार असली तर उत्तमच. चाकूरला वैशाखातल्या दुपारी तसंही दुसरं काही होत नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरून एखादी एसटी जाईल, तिचा आवाज येऊ द्या. लाईट गेली आणि पंखा थांबला तर तोही थांबू द्या. आज आपल्याला उन्हातच चालायचं आहे.

आधी आपल्या पावलांकडे लक्ष न्या. टाच कुठे टेकली आहे, बोटं आखडलेली आहेत का, खालची फरशी गार आहे की तापली आहे, एवढंच बघा. पायात चपला असतील तर असू द्या. त्या कुठे काढायच्या ते मी सांगेन.

आता डोळे मिटा आणि वाळवंटातलं एक जुनं शहर डोळ्यांपुढे आणा. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जैसलमेरच येतं, तिथं कधी न गेलेल्यांच्यासुद्धा. पिवळा दगड, टेकडीवरचा किल्ला, कोरीव गवाक्षं. रावळ जैसलनं ११५६ साली हे शहर वसवलं. किल्ल्याच्या पायथ्याशी गाईड उभा आहे आणि भोवती दहाबारा माणसांचा घोळका. तो म्हणतो, चला. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ. एकेक दरवाजा ओलांडताना तो राजांची नावं सांगतो, वेढे सांगतो, पुढे पटव्यांच्या हवेल्या दाखवतो आणि शेवटी ओळखीच्या दुकानात नेतो. त्यात त्याची काही चूक नाही, त्यालाही घर आहे.

तुम्ही मात्र घोळक्यातून मागे रहा. कुणाच्या लक्षात येणार नाही.

किल्ल्याकडे पाठ करा आणि गावाबाहेर पडा. घाई नको. एक पाऊल टाकलं की ते पूर्ण टेकू द्या, मग दुसरं. समोर गडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकातल्या रावळ गडसीचं नाव त्याला आहे. शहराला नळ येईपर्यंत शेकडो वर्षं माणसं, उंट, गुरं ह्याच पाण्यावर जगली. बुरूज पडले असते तरी शहर काही दिवस तगलं असतं; हा तलाव आटला असता तर बुरुजांवर उभं राहायला कुणी उरलं नसतं. तरी चित्रात किल्ला असतो.

तलावाशी लगेच पोचू नका. अलीकडे जी मोकळी, उघडी जमीन दिसते, तिथं थांबा. तिकडे तिला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी जिथून वाहत तलावात येतं ती ही जमीन. इथं गुरं चारायची नाहीत, घाण करायची नाही, आणि कित्येक तलावांच्या आगोरात तर जोडे घालून पाऊलही टाकायचं नाही, असा दंडक होता.

चपला इथं काढा.

उभे रहा. जमीन सपाट वाटते आहे ना? डोळ्यांना वाटेल. तळव्यांना विचारा. अगदी थोडा, चिंचोका ठेवला तर घरंगळणार नाही एवढा उतार तिथं आहे. वर्षातून मोजके दिवस पाऊस पडणार, तोही सगळा मिळून दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आणि तेवढ्यासाठी कुणीतरी हा उतार ओळखला, राखला, बारा महिने झाडून ठेवला. कोरड्या अकरा महिन्यांत ही झाडलोट करणाऱ्याच्या मनात काय असेल, ह्यावर थोडा वेळ रहा. उत्तर काढायचं नाही. फक्त रहा.

घाटावर जायच्या वाटेवर एक देखणी कमान आहे, टीलोंची पोळ. टीलों ही गावातली नाचगाणं करणारी बाई. तिनं बांधलेल्या कमानीखालून राजानं कसं जायचं, म्हणून ती पाडायचं ठरलं. तिनं रातोरात कमानीवर देऊळ बसवलं. देऊळ कोण पाडणार? ही सांगोवांगीची गोष्ट आहे, पण मला ती चारही पोळींपेक्षा आवडते.

आता मान वळवून किल्ल्याकडे बघा. तिथं आजही माणसं राहतात, चुली पेटतात, आणि घरोघर नळ आहेत. घागरीच्या हिशेबानं बांधलेल्या ह्या किल्ल्यात नळाचं पाणी आलं, सांडपाणी वाढलं, ते खाली मुरलं आणि पायथ्याचा मातीमिश्र ठिसूळ थर भिजून फुगला. गेल्या शतकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. २०१३ साली युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, पण भिंतीत मुरलेलं पाणी यादी वाचत नाही. गडीसरमध्येही आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी सोडतात. म्हणजे तलाव भरलेला दिसतो, पण आगोराची त्याला पूर्वीसारखी गरज उरलेली नाही. तुमचे उघडे पाय जिथं आहेत, ती जमीन निवृत्त झाली आहे.

एक खोल श्वास घ्या. पुढचं जरा बोचेल.

लातूर जिल्ह्यात सरासरी पाऊस पडतो तो आठशे मिलिमीटरच्या आगेमागे. जैसलमेरच्या चौपट. आणि १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती लातूरला. दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास ते पाणी चालत आलं. पुढे पन्नास-पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. त्या टाक्या वाफेनं धुऊन तयार झाल्या होत्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात. कोटा राजस्थानात आहे. राजस्थानात धुतलेल्या भांड्यातून आपण पाणी प्यायलो.

ह्याचा राग करू नका, लाजही वाटून घेऊ नका. ते वाक्य मनात तसंच तरंगू द्या. कारणं पुष्कळ आहेत, त्यावर वर्तमानपत्रांची पानं भरली. ऊस आहे, बोअर आहेत, लागोपाठ कोरडी गेलेली वर्षं आहेत. आपण आज तिकडे जाणार नाही.

डोळे मिटलेलेच ठेवा आणि परत मराठवाड्यात या. अनवाणीच या.

चाकूरहून अहमदपूर, तिथून कंधार. मन्याडच्या खोऱ्यातलं हे गाव आज तालुक्याचं ठिकाण आहे, एसटी स्टँड, भाजीबाजार, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा. एकेकाळी राष्ट्रकूट राजे स्वतःला कंधारपुरवराधीश्वर म्हणवत, कंधार ह्या श्रेष्ठ नगरीचे धनी. त्यांचं दुसरं बिरुद होतं लट्टलूरपुरवराधीश्वर, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी कोरवलं, ते घराणं मिरवायला ह्या दोन गावांची नावं घेत होतं. आज ह्या दोन्ही नावांपुढे आपण टंचाईग्रस्त हा शब्द लावतो.

इथंही किल्ल्यात आधी शिरू नका. किल्ला पळून जात नाही. भुईकोट आहे, रुंद खंदक आहे, तटावर फारसी-अरबी लेख आहेत. राष्ट्रकूटांनंतर तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम असे सगळे इथून गेले. आपण आधी जगत्तुंग सागराकडे जाऊ. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचं बिरुद. आठव्या-नवव्या शतकाच्या सांध्यावरचा तिसरा गोविंद ते लावत असे. आणि तलावाला नाव काय दिलं, तर सागर. समुद्र इथून किती लांब! ह्या काळ्या रानात, उन्हाळ्यात भेगांत हात जातो अशा मातीत, अडवलेल्या पाण्याला सागर म्हणणारी माणसं भोळी होती की तहानलेली, ह्याचा विचार करत काठानं चाला. दोन्ही असतील.

उदगीरच्या किल्ल्यावर गेलात तर कुणीही पोरगं सांगेल, १७६० ची लढाई, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. लढाईला साल असतं, तारीखसुद्धा असते, ३ फेब्रुवारी. तलावाचा बांध नक्की कुठल्या दिवशी पुरा झाला, पहिला पाऊस त्यात कधी साठला, पहिली घागर कुणी भरली, ह्याची कुणी नोंद ठेवत नाही. वारसा सहलीचं वेळापत्रक आखतानाही म्हणून लढाईला अर्धा तास मिळतो आणि तलावाला फोटोपुरती पाच मिनिटं. आपण उलट करू. जगत्तुंग सागराच्या काठावर बसा. पाणी कमी असेल, कडेला चिखल वाळून पापुद्रे झाले असतील. पायाच्या बोटानं एक पापुद्रा हळूच उचला. खालची माती ओली लागते का?

उत्तर काहीही असो, जरा वेळ बोट तिथंच असू द्या.

उठलात की कंधारजवळच्या मानसपुरीला चला. तिथं क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडले. माणसाच्या कितीतरी पट उंच असलेला हा देव आता अखंड नाही. दगडी पाऊल आहे, हाताचा भाग आहे. पावलाशी उभे रहा. त्याच्या अंगठ्याशेजारी तुमचं सगळं पाऊल लहान पोराचं वाटेल. क्षेत्रपाल म्हणजे गावाच्या भुईचा राखणदार. ह्या भुईवर त्यानं किती पावसाळे कोरडे जाताना पाहिले असतील ते मोजता येणार नाही. राज्य गेलं, चेहरा गेला. जमिनीला टेकलेलं होतं ते पाऊल मागे राहिलं.

इथं बोलायचं काही नाही. त्याच्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवा. तो काळा दगड दुपारी चटका देतो, तेव्हा सावलीची बाजू बघून ठेवा.

(सोबत मुलं असतील तर ती त्या पावलावर चढायला बघतील. नका चढू म्हणा. पण रागावू नका. इतकं मोठं पाऊल दिसलं तर त्यांनी काय करावं?)

आता हळूहळू परत. कंधार, अहमदपूर, चाकूर. पाठीला भिंत लागते आहे का बघा. पंख्याचा आवाज, गल्लीत कुणाची तरी हाक. तळवे अजून उघडे आहेत आणि फरशी आता अंगाइतकीच कोमट झाली आहे.

डोळे उघडा, पण लगेच मोबाईल घेऊ नका. घरात आजी, आजोबा, कुणी जुनं माणूस असेल तर त्यांच्याजवळ जा आणि विचारा, आपल्या गल्लीचा आड कुठं होता? ते आधी म्हणतील, आता कशाला? मग पाणी शेंदताना रहाटाचा आवाज कसा यायचा ते सांगतील, दोरानं हाताला पडलेल्या घट्ट्यांचं सांगतील, कोण कोणाशी कुठल्या काठावर भांडलं तेही निघेल. आणि मग हात लांब करून बोट दाखवतील. त्या बोटाच्या टोकाशी बहुतेक आज एक मोटारसायकल उभी असेल, किंवा सिमेंटचा ओटा.

चला, तिथवर जाऊ. आजोबांना काठी द्या. चपला घालायच्या का नाही, ते त्यांनाच विचारा.