नवे दार, जुना उंबरठा

घराला दार हवे याबद्दल कुणाचे दुमत नसते. ते कसे हवे असे विचारले, की मात्र घरात जितकी माणसे तितकी दारे उभी राहतात. पुण्यातल्या शनिवार पेठेतील आमच्या जुन्या घराचे पुढचे दार बदलायची वेळ यंदा आली, तेव्हा याचा मी पुरेपूर अनुभव घेतला.

जुने दार तसे भारदस्त. सागवानाच्या दोन जाड फळ्या, त्यांवर पितळी फुल्या, वर गणेशपट्टी, आतून भिंतीतल्या पोकळीत सरकणारा अडसर आणि खाली वीतभर उंच उंबरठा. तो अडसर एकट्याला ओढता आला, की मुलगा मोठा झाला असे आमच्याकडे समजत. फळ्या सागाच्या असल्या तरी चौकट सागाची नव्हती. ही गोष्ट आम्हांला वाळवीने कळवली.

चिरंजीवांना पोलादी दार हवे होते. वर कॅमेरा आणि आकड्यांचे कुलूप. सौभाग्यवतींचे म्हणणे, रोज पुसायला सोपे असेल ते चांगले. एका आप्ताने कारखान्यात तयार होणारे 'जुन्या धाटणीचे' दार सुचवले. त्यावर नक्षी यंत्राने कोरलेली आणि फुल्या चिकटवलेल्या. जुन्या सामानाचा एक व्यापारी येऊन फळ्यांना बरी किंमतही सांगून गेला. त्यांचे काय करणार, असे विचारले तर म्हणाला, "हॉटेलवाले त्यांची टेबलं करतात."

मी मात्र हट्टाला पेटलो. दार होते तसेच हवे, उंबरठ्यासकट! मिस्त्रींसमोर मी एक छोटेसे भाषणच ठोकले. "अहो, हे दार दिवसा कधी लागलेलं नाही. आल्यागेल्याला इथे पाणी मिळे, वाराच्या मुलांना जेवण मिळे. आमच्या घराचं मोठेपण या उघड्या दारात आहे!"

ओसरीवर वाती वळत बसलेली आई म्हणाली, "कुणासाठी उघडं होतं रे?"

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. पानशेतचे धरण फुटले त्या १२ जुलै १९६१ ला ती या घरात नवी नवरी होती. पुराच्या गोष्टी आम्ही तिच्या तोंडून शंभरदा ऐकल्या होत्या. पाणी कुठवर चढले, कोण पर्वतीकडे धावले, धान्याचे काय झाले, सारे आम्हांला पाठ होते. त्या दिवशी तिने एकशेएकावी सांगितली.

आमच्या गल्लीची झाडलोट करायला एक बाई येत असे. तिला उरलेसुरले अन्न मिळे, ते उंबरठ्याबाहेर. पाणी मिळे, ते वरून ओंजळीत. पूर ओसरला तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि तो उपसायला हात पुरेनात. ती बाई आपण होऊन आली. दार, ओसरी, माजघर ओलांडून थेट देवघरापर्यंत तिने चिखल काढला. चार दिवस कुणी कुणाला शिवले याचा हिशेब नव्हता. पाचव्या दिवशी घर धुऊन निघाले, देव पुन्हा मांडले गेले, आणि सहाव्या दिवशी ती बाई उंबरठ्याबाहेर उभी होती.

"तिला कुणी 'बाहेर हो' म्हटलं नाही," आई म्हणाली. "आणि 'आत ये' असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही."

"तिचं नाव काय गं?"

आईने बराच वेळ आठवून पाहिले. "आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचो."

याच पुण्यात, आमच्या घरापासून पायी अर्ध्या तासाच्या आत, जोतीराव फुल्यांचे घर आहे. त्या घरातला पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. म्हणजे आमच्या दारातल्या त्या सहाव्या दिवसाच्या त्र्याण्णव वर्षे आधी! राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्यालाही तेव्हा अकरा वर्षे झाली होती. आम्हांला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही.

तुम्ही म्हणाल, यात दाराचा काय दोष? काहीच नाही. लाकूड बिचारे सांगितले तसे उघडते आणि मिटते. परंतु त्याच्या फुल्यांचा अभिमान मी वारसा म्हणून मिरवणार असेन, तर उंबरठ्याबाहेरची ती बाई कुणाच्या वाट्याला जायची? आपल्याकडे बापाची इस्टेट घेणाऱ्याला बापाचे ऋणही फेडावे लागे. जुन्या वस्तू जपणारे आपण बहुधा इस्टेट तेवढी घेतो आणि ऋणकोच्या यादीतून नाव काढून टाकतो.

बरे, उंबरठा काढला म्हणजे ऋण फिटले, असेही नाही. आजच्या कित्येक उंच इमारतींत उंबरठे नसतात; पण कामाला येणाऱ्यांची लिफ्ट मात्र वेगळी असते. चिरंजीवांचा कॅमेरा तरी काय विचारणार? "कोण आहे?" हाच प्रश्न, जरा अधिक हुशारीने. चोराला अडवायला दार हवेच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण चोर सोडून आणखी कुणाकुणाला ते अडवते, हे घरच्यांनी अधूनमधून बाहेर उभे राहून पाहावे.

अखेर साध्या सागवानाचे दार केले. चौकट नवी, गणेशपट्टी जुनीच. फुल्या चिकटवल्या नाहीत. जुन्या फळ्या विकल्या नाहीत. त्यांचा ओसरीवर बाक केला. उंबरठा मिस्त्रींनी बोटभर उंचीचा ठेवला. "माझे गुडघे दुखतात," असे कारण आईने दिले. आम्ही कुणी दुसरे विचारले नाही.

धनत्रयोदशीला दाराला झेंडूचे तोरण लागले, उंबरठ्याशी पणत्या मांडल्या. तेवढ्यात सामान पोचवणारा एक पोरगा आला आणि सवयीने बाहेरच थांबला. "आत ये, पाणी घे," आई म्हणाली. "आजी, वेळ नाही," म्हणत तो आत आला, नव्या बाकाच्या कडेला टेकला आणि घटाघटा पाणी प्याला.

त्याच्या हातात तांब्या देण्याआधी आईने त्याला नाव विचारून घेतले होते.