सात वर्षे उलटल्यावर

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले की पंचवीसएक किलोमीटरवर होसकोटे लागते. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ नवा कोट. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूरबरोबर या ठाण्याचाही समावेश होता. आज ते गोदामांचे, मालट्रकांचे आणि व्होल्वोच्या कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. मोठी वाहने येथे तयार होतात. रस्त्याकडेच्या गॅरेजांत मात्र छोट्या, वय झालेल्या मोटारी उभ्या असतात, आणि त्यांच्यावर अनेकदा परराज्याच्या पाट्या असतात.

समजा, अशा एका मोटारीवर पुण्याची एमएच १२ ही पाटी आहे. गाडी दहा-बारा वर्षांची. पहिला मालक कोथरूडचा. त्याने चार वर्षे वापरून ती दलालाला दिली, दलालाने बंगळुरास नोकरीसाठी निघालेल्या एका तरुणाला विकली, आणि त्या तरुणाने परत जाताना ती होसकोट्याच्या गोदामात हिशेब ठेवणाऱ्या एका सोलापुरी गृहस्थाच्या हवाली केली. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, कर भरावा लागतो. ते राहून गेले. कागदावर गाडी अजून कोथरूडच्याच पत्त्यावर आहे. प्रत्यक्षात ती रोज सकाळी दोन मुलांना शाळेत पोचवते. या गाडीत जन्मापासून असलेला एखादा घातक दोष कारखान्याला उद्या कळला, तर तो सांगण्याचे कर्तव्य कोणाचे, कोणाप्रती, आणि किती काळपर्यंतचे?

प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो, आणि कायद्याने त्याचे उत्तर दिलेही आहे. भारतातील वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची एक संहिता स्वीकारली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात ११० अ हे कलम आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तक्रारींची संख्या विक्रीच्या प्रमाणात ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली की चौकशी, आणि दोष सिद्ध झाल्यास दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड, अशी ही व्यवस्था आहे. मात्र ती सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरतीच आहे. दुसरीकडे त्याच अधिनियमानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतरही तिचे नूतनीकरण होऊ शकते. म्हणजे जी गाडी रस्त्यावर चालवण्यास राज्यसंस्था पंधरा वर्षे अनुमती देते, तिच्या उपजत दोषाची सक्तीची जबाबदारी ती सातव्या वर्षी संपवते. उरलेली आठ वर्षे गाडी चालते ती कोणाच्या भरवशावर, हे नियमात लिहिलेले नाही.

कालमर्यादेची कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. धर्मशास्त्रातील व्यवहारपदांत क्रीतानुशय, म्हणजे खरेदी केल्यानंतर होणारा पश्चात्ताप, हा एक स्वतंत्र विषय आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने खरेदीच्या वस्तूची पारख करण्यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच. बैल पाच दिवसांत जोखून घ्यावा. त्यानंतर तो लंगडा निघाला तर दैव आपले. हा नियम कठोर असला तरी अन्यायाचा म्हणता येत नाही. बैल विकणाऱ्याला बैलाबद्दल जे ठाऊक असते, ते जाणता घेणाराही पाच दिवसांत ओळखू शकतो. दोघेही त्याच जनावराच्या पायाकडे, दातांकडे, डोळ्यांकडे पाहत असतात.

मोटारीच्या बाबतीत हे समानत्व संपुष्टात येते. घेणारा टायर पाहील, इंजिनाचा आवाज ऐकेल, फार तर ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेईल. परंतु सुकाणूचक्राच्या आत बसवलेल्या एअरबॅगमधील स्फोटक द्रव्य कोणते, हे त्याला पाच दिवसांत काय, पन्नास वर्षांतही कळणार नाही. ते फक्त बनवणाऱ्याला कळते. तेही बहुधा विक्रीनंतर, ठिकठिकाणच्या अपघातांची टिपणे एकत्र केल्यावर. परत बोलावण्याच्या कर्तव्याचा उगम विक्रीच्या करारात शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. तो ज्ञानात आहे. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला ठाऊक होणे शक्य नाही, आणि न कळण्याची किंमत दुसऱ्याच्या देहाला मोजावी लागणार आहे, या तीन गोष्टी एकत्र येतात तेथे सांगण्याचे कर्तव्य उभे राहते. पाश्चात्त्य न्यायविचारही वळणे घेत याच ठिकाणी आला. न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे १९१६ मध्ये आलेल्या मॅकफर्सन खटल्यात ब्यूक मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले होते. चाक दुसऱ्याच कारखान्याचे होते आणि गिऱ्हाइकाने गाडी घेतली होती विक्रेत्याकडून. आपला आणि त्याचा करारच नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते मान्य केले नाही. होसकोट्याच्या गृहस्थाचा तर कंपनीशी दूरचाही संबंध नाही. त्याने तिला एक पैसाही दिलेला नाही. तरी चाकाशी बसतो तो तोच.

आता सात वर्षांच्या मर्यादेमागचा युक्तिवाद पाहावा. तो हास्यास्पद नाही. वस्तू जुनी होते, झिजते. ब्रेकचे पट्टे, रबरी नळ्या, टायर यांची देखभाल मालकाने करायची असते. कालांतराने मूळ दोष कोणता आणि झीज कोणती हे वेगळे काढणे अवघड होते, आणि दुसऱ्याच्या हलगर्जीपणाचा भार कारखान्यावर पडू लागतो. अमेरिकेतही विनामूल्य दुरुस्तीच्या हक्काला वर्षांची मर्यादा आहे. पूर्वी ती दहा वर्षे होती, २०१५ च्या कायद्याने पंधरा झाली. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. या युक्तिवादात असे गृहीत धरलेले आहे की दोष असलाच तर तो लवकर प्रकट होईल, आणि जी गाडी सात वर्षे सुखरूप चालली ती निर्दोष ठरली.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांनी हे गृहीत खोटे पाडले. त्यांच्या फुगवण्याच्या यंत्रणेत अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्णता आणि दमटपणा यांच्या दीर्घ सहवासात ते द्रव्य बिघडते, आणि मग अपघाताच्या क्षणी पिशवी फुगण्याऐवजी तिच्यामागची धातूची कुपी फुटून तुकडे बसलेल्याच्या अंगात घुसतात. जीव वाचवण्यासाठी बसवलेली वस्तूच घातक ठरते. जगभरात सुमारे दहा कोटी यंत्रणा परत बोलावाव्या लागल्या. वाहन उद्योगातील हा सर्वांत मोठा प्रसंग. भारतात होंडाने सिटी, जॅझ आणि इतर गाड्या मिळून एकट्या जुलै २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार वाहने परत बोलावली. या दोषाचे वैशिष्ट्य असे की तो वयाबरोबर वाढतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत दहा-बारा पावसाळे काढलेली गाडी नव्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची. सात वर्षांची मर्यादा अशा दोषाला लावली, तर जबाबदारी संपते नेमकी तेथे, जेथे भय सुरू होते. आणि जुनी गाडी कोणाकडे असते? ज्याला नवी परवडत नाही त्याच्याकडे. वयाची अट वरकरणी वस्तूला लावलेली दिसते. ती पोचते माणसांना, आणि ठरावीक माणसांनाच.

ज्ञानातून कर्तव्य जन्मते असे म्हटले, की लगेच एक पळवाट उघडते : न जाणणे. जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कोबाल्ट या छोट्या मोटारीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. तिची चावी फिरवण्याची कळ सैल होती. किल्ल्यांच्या जुडग्याच्या ओझ्यानेही ती चालत्या गाडीत मागे सरके, इंजिन बंद पडे, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. सदोष कळेचा आराखडा २००६ च्या सुमारास बदलला गेला. सुट्या भागाचा क्रमांक मात्र तोच ठेवण्यात आला. परिणामी पुढे तपास करणाऱ्यांना जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक उमगेना. परत बोलावणे सुरू झाले फेब्रुवारी २०१४ मध्ये. यथावकाश त्यात सुमारे २६ लाख गाड्या आल्या, आणि कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कोणा एका दुष्टाने हे रचले असे चित्र त्यातून उभे राहत नाही. एकाला कळ ठाऊक, दुसऱ्याला अपघात ठाऊक, तिसऱ्याला एअरबॅग ठाऊक. संस्थेला सर्व ठाऊक आणि संस्थेतील कोणालाच काही ठाऊक नाही. बदललेल्या वस्तूला न बदललेला क्रमांक देणे म्हणजे स्मृतीच पुसणे. ज्याने आपली स्मृती आपल्या हाताने पुसली, त्याला अज्ञानाचा बचाव कसा मिळावा?

याच ठिकाणी असेही म्हटले जाते की ती माणसे गेली, संचालक नवे आले, जुन्याचे पाप नव्यांच्या माथी का? मिलिंदप्रश्नात नागसेनाने राजापुढे मांडलेला आंब्यांचा दृष्टांत येथे आठवतो. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते आंबे वेगळे. मी त्याचे काही घेतलेले नाही. राजाला हा बचाव पटत नाही, कारण हे आंबे त्यापासूनच आले. अखंड आत्मा न मानणाऱ्या भिक्षूनेसुद्धा उत्तरदायित्वाची अखंडता सोडली नाही. कंपनीला तर आत्मा आहे असा दावा कोणी करीत नाही. नफा, नाव आणि प्रतिष्ठा मात्र ती मागच्या संचालकांकडून विनातक्रार स्वीकारते.

शब्दांचाही येथे मोठा वाटा आहे. पुण्याच्या अभियंत्यांनी सिद्ध केलेल्या टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक कोरी गाडी पेटली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने सर्व गाड्यांना विद्युत आणि धूरनळीच्या यंत्रणेत विनामूल्य जादा संरक्षण देऊ केले, आणि हे परत बोलावणे नव्हे, असेही स्पष्ट केले. व्यवहारात फरक शून्य : गाडी न्यायची, काम करून घ्यायचे, पैसे द्यायचे नाहीत. नैतिक दृष्ट्या मात्र अंतर मोठे. परत बोलावणे म्हणजे ऋण मान्य करणे. जादा संरक्षण म्हणजे कृपा. कृपा नाकारली तरी चालते, सवडीने घेतली तरी चालते. ज्याला ऋणाची परतफेड भेट म्हणून मिळते, त्याला आपण धोक्यात आहोत हे कळत नाही.

येथे दुरुस्ती आणि सूचना यांत भेद करणे आवश्यक ठरते; बराचसा गोंधळ त्या दोहोंना एक मानल्यामुळे होतो. दुरुस्तीला खर्च आहे, सुटे भाग लागतात, कारागीर लागतात; तिला कुठेतरी मर्यादा असणे समजू शकते. वीस वर्षांच्या गाडीचा भाग पुन्हा बनवा, असे कोणी म्हणणार नाही. सूचनेचे तसे नाही. गाडीत दोष आहे, ती चालवू नका, एवढे सांगायला कारखाना चालू असावा लागत नाही. जनरल मोटर्सने २०१५ मध्ये भारतात बीट, स्पार्क आणि एन्जॉय मिळून सुमारे १ लाख ५५ हजार गाड्या दूरनियंत्रित कुलपाच्या यंत्रणेतील दोषासाठी परत बोलावल्या. त्यांत २००७ पासूनच्या गाड्या होत्या, म्हणजे कोणत्याही नियमाच्या सक्तीविना कंपनी आठ वर्षे मागे गेली. दोन वर्षांनी, २०१७ च्या अखेरीस, तिने या देशातील विक्रीच थांबवली. तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. गाड्या राहिल्या. ताकाताने तर २०१७ मध्ये दिवाळखोरी पत्करली. बनवणारा नाहीसा झाला तरी दोष नाहीसा होत नाही, आणि त्याच्याविषयीचे ज्ञान सोडून जाणाऱ्याने कोणाच्या तरी हाती देऊनच जायला हवे. सावकार देशोधडीला लागताना ठेवीदारांच्या वह्या जाळून जाऊ शकत नाही.

राहिला प्रश्न पत्त्याचा. प्रत्येक गाडीवर सतरा अक्षरांचा-अंकांचा चासी क्रमांक कोरलेला असतो. मालक बदलतो, गाव बदलते, रंगही बदलतो. तो क्रमांक बदलत नाही. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो टाकला की गाडी परत बोलावलेल्यांत आहे का हे क्षणात कळते. जुनी गाडी घेणारा विम्याचा कागद मागतो, कर्ज फिटले का विचारतो, किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला तर नाही ना याची शंका घेतो. क्रमांक टाकून पाहणारा विरळा. या बेपर्वाईची जबाबदारी कारखान्यावर ढकलता येणार नाही. दोन मुले मागच्या आसनावर बसतात ती त्याची आहेत, आणि नोंदणी आपल्या नावावर न करता त्याने आपला पत्ता स्वतःच लपवला आहे. विकणाऱ्या तरुणालाही काही विचारता येईल.

पण आधी पत्र जाईल ते कोथरूडला. पहिला मालक ते उघडेल. त्याने गाडी विकून कितीतरी वर्षे झाली. पैसे मिळाले, विषय संपला, असे त्याला वाटत होते. कायद्याच्या दृष्टीने मालक अद्याप तोच आहे, हे वाचून तो प्रथम दचकेल, आणि ते स्वतःच्या काळजीने. मग पत्रातला दोष वाचेल. गाडी आता कोठे आहे, हे त्याला माहीत नाही. दलालाचा दूरध्वनी क्रमांक मात्र त्या वर्षीच्या डायरीत असेल, आणि डायरी माळ्यावरच्या खोक्यात.