पाऊस तेव्हाही आटला होता

शेजारच्या काकूंची विहीर आटली, त्या उन्हाळ्यात मी त्यांना म्हणालो होतो, "काकू, पाऊसमानच बदललंय. आपल्या हातात काय आहे?" ते खोटं नव्हतं. पण आदल्याच वर्षी त्यांच्या बांधालगत, आमच्या हळदीसाठी, मी ४०० फूट बोअर घेतला होता. ते मी बोललो नाही.

ते वाक्य पुढे लोणारच्या काठावर मला पुन्हा आठवलं. हिंगोलीहून सेनगाव-रिसोडमार्गे लोणार तसं जवळच. २००८ मध्ये संशोधकांनी त्या सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर गाळ नळीने जसाच्या तसा वर काढला. हिमयुग संपल्यापासूनचा आपला पाऊस त्यात थराथराने वाचता येतो. आपल्याकडे हिमयुग म्हणजे बर्फ नव्हे, कमजोर पाऊस. त्या काळात महाराष्ट्रात शहामृग होते. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे त्यांच्या अंड्याचं सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं, नक्षी कोरलेलं कवच सापडलं आहे. मग ११,००० हून अधिक वर्षांपूर्वी मान्सून बळावला आणि लोणारच्या कोरड्या खळग्यात पाणी साठू लागलं.

पण वरच्या थरांत गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. तळ्याचं पाणी आटून फार खारट झालं की ते बनतात. ते सांगतात, ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, म्हणजे जवळपास ७०० वर्षं, पाऊस कमजोर होता. पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीही.

मग माझं वाक्य खरंच ठरलं की! हवामान माणसाशिवायही बदलतं. पण हिमयुग संपताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १९० वरून २६५ वर जायला सुमारे ७,००० वर्षं लागली. २८० वरून ४२० च्या वर तो आपल्या धुराने पावणेदोनशे वर्षांत नेला. आणि समजा, आपला दोष नसता, तरी? कुणामुळे झालं आणि कुणी काय करायचं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर 'निसर्ग' आलं, म्हणून दुसरा सुटत नाही.

त्या दुसऱ्या कोरड्या काळातच यादवांच्या राज्यात मराठवाड्यात बारवा बांधल्या गेल्या. त्यांच्या पायऱ्या सगळ्यांना खुल्या नव्हत्या, हे विसरायला नको. तरी बारवेत पाणी किती उरलं, ते उतरणाऱ्याला दिसायचं. बोअरमध्ये कुणालाच दिसत नाही. मी किती उपसलं, ते मलाही नाही.

काकूंची विहीर माझ्याच बोअरने आटली, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. गाळाचे थर वाचणारेही नाहीत. त्या आडोशाला मी बरीच वर्षं उभा होतो. आता उन्हाळ्यात आठवड्यातले दोन दिवस बोअरचं पाणी त्यांच्या विहिरीत सोडतो. काकू म्हणतात, "देव तुझं भलं करो." हे उपकार नाहीत, एवढं त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.