इंजिन आणि फावडे

जुनी वस्तू सुंदर दिसू लागते ती नेमकी केव्हा? तिचे काम संपल्यावर, की तिच्यापायी घाम गाळणारा माणूस नजरेआड झाल्यावर? फराळाच्या ताटाशी असला प्रश्न घेऊन यावे हे शोभत नाही, हे मला कळते. पण गेल्या हिवाळ्यापासून तो माझा पिच्छा सोडीत नाही.

आमच्या वरठीच्या स्टेशनाचे नाव भंडारा रोड. भंडारा शहर इथून दूर, म्हणून नावापुढे हा ‘रोड’. हावडा-मुंबईची ही मुख्य लाइन; शिवाय गावात पोलादाचा कारखाना, त्यामुळे मालगाड्यांची वर्दळ अष्टौप्रहर. माझ्या पुण्याच्या मित्राचा पुतण्या रेल्वेचा नादिष्ट. तो कॅमेरा गळ्यात अडकवून पहाटेच्या गाडीने उतरला, पण विजेच्या इंजिनांकडे त्याने धड पाहिलेही नाही. “सर, यांना श्वास नाही हो,” म्हणाला. तेव्हा आम्ही नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात जायचे ठरवले. ते 2002 साली उघडले. बरोबर शेजारच्या काकांना घेतले. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी ते त्याच अडीच फुटी लाइनीवर फायरमन होते.

पुतण्याने दोन तास फोटो काढले. चाके, धुरांडे, दांड्यांवर पडलेले ऊन. त्याच्या बोलण्यातून मला एक गंमत कळली. वाफेची मारेकरी म्हणून या मंडळींनी ज्या डिझेलला एके काळी शिव्या दिल्या, त्याच डिझेलसाठी ती आता हळहळतात. ब्रॉडगेजवरची वाफ 1995 साली संपली. नागपूर-नागभीडची नॅरोगेज गाडी 2019 साली थांबली आणि तिची डिझेल इंजिनेही ‘वारसा’ झाली!

काका मात्र धुरांड्याकडे बघतच नव्हते. ते फायरमनच्या जागेखाली उभे राहिले आणि हातात नसलेले फावडे त्यांनी फिरवून दाखवले. कोळसा एका जागी ओतायचा नसतो, पातळ पसरायचा; कोपरे उघडे पडू द्यायचे नाहीत; एक डोळा पाण्याच्या काचेवर. सांगताना त्यांची पाठ ताठ झाली होती. पुतण्याने भारावून विचारले, “काका, या इंजिनाची फार आठवण येत असेल ना?”

“इंजिनाची कायची आठवण येते बाबू! झोपेची येते. रात्री दोनला कॉलबॉय दार ठोके. लेकरू तापानं फणफणलेलं असो, नाही तर दिवाळी असो.”

पुतण्या ओशाळला. मला त्याची कीव आली, कारण त्याचे प्रेम खोटे नव्हते. ज्याने भट्टीचा जाळ सोसला नाही त्याला इंजिन सुंदर म्हणण्याचा हक्कच नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर एकही किल्ला, एकही देऊळ डोळे भरून पाहता यायचे नाही. आणि काकांची ताठ झालेली पाठ? तीही खरीच की! कष्टाचा कंटाळा आणि कसबाचा अभिमान एकाच माणसात सुखाने नांदतात. आपण मात्र त्यांतले सोयीचे तेवढे उचलतो.

जात्याचेच घ्या. गावात गिरणी आली तेव्हा माझ्या आजीने जात्यासाठी टिपूस गाळले नाही. आज तसलीच जाती शहरातल्या दिवाणखान्यांत शोभेला मांडतात. पण हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही टिपून ठेवले. मला हा फरक फार मोठा वाटतो. इंजिनाजवळच्या पाटीवर कारखान्याचे नाव येते, बांधणीचे साल येते. भट्टी पेटती ठेवणाऱ्याचे नाव लिहायला पाटीवर जागा नसते, असे थोडेच आहे?

पुतण्याला मी हे पत्राने कळवले. त्याचे उत्तर आले, “नावे आता कुठून मिळणार, सर?” अरे, नैनपुरात, गोंदियात, आमच्या वरठीत ती माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत! या दिवाळीत तो वही घेऊन येतो आहे. काका सगळे सांगायला तयार आहेत. फक्त सकाळी आठच्या आत कोणी दार ठोकायचे नाही, एवढी त्यांची अट आहे.