पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. व्यवहारात काही खोट आहे, पण ती नेमकी कोठे हे दिसत नाही, अशा वेळी हा वाक्प्रचार ओठांवर येतो. मोटारगाडीच्या बाबतीत तो कधी कधी अक्षरशः खरा ठरतो. इंजिन थंड ठेवणारे कूलंट बंद वाटेने फिरत असते. इंजिनातून रेडिएटरकडे आणि रेडिएटरमधून पुन्हा इंजिनाकडे. पेट्रोल जळते तसे ते जळत नाही. म्हणून बाटलीवरील खालच्या रेषेच्या खाली त्याची पातळी वारंवार जाऊ लागली, तर ते कोठून तरी बाहेर पडत आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आमच्या पुलगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. एखादे कुटुंब आजारी माणसाला घेऊन भर दुपारी सेवाग्रामच्या दवाखान्याकडे निघाले आणि वाटेतच इंजिन तापून गाडी बंद पडली, तर काय होईल याची कल्पना आपण करू शकता. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही.

येथील एका भावाने जुम्याच्या नमाजनंतर तो मला विचारला. त्यांच्या जुन्या गाडीतील कूलंट दर पंधरा दिवसांनी कमी होत होते आणि जमिनीवर मात्र थेंबही पडत नव्हता. गाडी त्यांना विकायची होती. गळती सापडलेलीच नाही, मग गिऱ्हाइकाला सांगायचे तरी काय, असे त्यांचे म्हणणे होते.

अशी गळती शोधणे किती अवघड असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. तापलेल्या धातूवर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाफ होऊन जातो. मागे उरतो तो वाळलेला पांढुरका किंवा हिरवट डाग. काही नळ्यांची पकड इंजिन गरम असताना घट्ट असते आणि रात्री धातू आकसला की सैल होते. अशी गळती पहाटे गाडीखाली पुठ्ठा सरकवून पाहणाऱ्यालाच सापडते. कधी हीटरची जाळी फुटते, तेव्हा बाहेर काही दिसत नाही. पायाखालचे पायपुसणे ओलसर लागते, गाडीत गोडसर वास येतो, काच आतून धुरकटते. कधी झाकणाचे रबरच कमजोर होते. आणि सर्वांत वाईट गळती इंजिनाच्या आतली. हेड गॅस्केट फुटले की पाणी ज्वलनाच्या खोलीत जाते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, किंवा इंजिन ऑइल दुधाळ होते. जाणता मिस्त्री इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंप बसवून दाब भरतो आणि काट्याकडे पाहत बसतो. काटा खाली सरकला की गळती आहे, हे निश्चित. मग ती कोठे आहे, याचा शोध सुरू होतो.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. ते कारखान्यातूनच मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या छिद्रातून बाहेर यावे आणि मालकाला कळावे, हा त्याचा हेतू. अडाणीपणाने ते बुजवणारे लोकही असतात. पंप बनवणाऱ्याने दोष प्रकट होण्याची वाट ठेवावी आणि वापरणाऱ्याने ती बंद करावी, हे मला फार विचित्र वाटते.

आता त्या भावांच्या युक्तिवादाकडे वळू. ते दीनदार आहेत आणि त्यांनी थेट फिक्हचाच आधार घेतला होता. यकीन शंकेने नाहीसे होत नाही, हा आमच्या फुकहांचा प्रसिद्ध नियम आहे. वुजू मोडल्याची नुसती शंका आली तर नमाज सोडू नये, निश्चित खूण मिळाल्यावरच सोडावी, या हदीसशी तो जोडला जातो. गाडी मुळात निर्दोष होती, हे यकीन. गळतीचा केवळ संशय. म्हणून सांगणे बंधनकारक नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. पण त्यात यकीन आणि शंका यांची अदलाबदल झालेली आहे. पाणी कमी होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे. तेच यकीन होय. शंका आहे ती फक्त ‘कोठून’ याविषयी. ज्या गोष्टीची खात्री नाही ती सांगण्याचे ओझे शरीअतने त्यांच्यावर टाकलेले नाही. हेड गॅस्केट गेले आहे असे त्यांनी अंदाजाने म्हणावे, अशीही अपेक्षा नाही. पण ‘पंधरा दिवसांनी पाणी भरावे लागते, कारण सापडलेले नाही’ एवढे वाक्य पूर्ण सत्य आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या ढिगाची हदीस आपण ऐकलेली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की, पावसाने भिजले. यावर प्रेषितांनी (स.) त्याला, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. पाऊस पाडणे त्या विक्रेत्याच्या हातात नव्हते आणि त्याबद्दल त्याला दोषही दिलेला नाही. ओल कोठे ठेवायची, वर की खाली, एवढेच त्याच्या हातात होते. दुसरे असे की, येथे शब्द ‘लोकांना’ असा आहे. गिऱ्हाईक मुस्लिम आहे की बिगरमुस्लिम, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अब्रूच्या बाबतीत ठीक आहे. बाजारात ती चालत नाही.

काही गॅरेजांत याहून पुढची युक्ती चालते. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात. तिचे कण पाण्याबरोबर फिरत फिरत भेगेपाशी जाऊन बसतात आणि काही दिवस गळती थांबते. वाटेत अडकलेल्या माणसाने घरी पोहोचण्यासाठी असे केले तर त्यात काही गैर नाही. पण विक्रीच्या आदल्या दिवशी टाकलेली हळद हा वेगळाच मामला आहे. अरबस्थानात जनावर विकण्यापूर्वी काही दिवस त्याचे दूध काढत नसत, म्हणजे कास भरलेली दिसे. प्रेषितांनी (स.) ही प्रथा निषिद्ध ठरवली. त्यात विक्रेता तोंडाने एकही खोटा शब्द बोलत नाही, त्याच्या वतीने कास बोलते. हळदीने बुजवलेला रेडिएटरही तसाच बोलतो.

आपल्या देशाचा कायदा याविषयी काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. १८७२च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट कृतीने दडवणे ही फसवणूक आहे. हळदीचा प्रकार त्यात बसेल. नुसते मौन मात्र सामान्यतः फसवणूक मानलेले नाही. तेथे उदाहरण घोड्याचे दिले आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प राहिला तर ती फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण येते, की घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरेल. बी. ए.च्या दिवसांत एका मित्राच्या पुस्तकात हे वाचले तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. कायद्याने जे मुलीपुरते मान्य केले, ते आपल्या दीनने बाजारातील प्रत्येक अनोळखी माणसाला देऊ केले आहे.

येथे कोणी म्हणेल की, ‘गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली, पुढे तक्रार चालणार नाही’ असे मुद्रांकावर लिहून घेतले म्हणजे झाले. हनफी फिक्हमध्ये सर्व दोषांपासून मुक्ततेची अट घालून केलेली विक्री वैध आहे, हे खरे. हिदायात तसे स्पष्ट आहे. त्यानंतर घेणारा दोषाच्या आधारे वस्तू परत करू शकत नाही. परंतु काजीसमोरचा निवाडा आणि अल्लाहसमोरचा हिशेब या दोन गोष्टी आमच्या फुकहांनी नेहमीच वेगळ्या ठेवल्या. ही अट अज्ञात दोषांसाठी आहे. ठाऊक असलेला दोष तिच्या आडोशाला लपवणाऱ्याला काजी कदाचित सोडून देईल, एवढेच.

सगळ्यांत कठीण प्रश्न यापुढचा आहे. एखाद्याने बाटलीकडे पाहणेच सोडून दिले तर? ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता यावे म्हणून तो बॉनेट उघडत नाही. माझ्या मते हे अज्ञान नव्हे. न पाहण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याला काय दिसेल याचा अंदाज होता, म्हणूनच तर त्याने तो घेतला. जे मनात खुपते आणि लोकांना कळू नये असे वाटते, त्याला हदीसमध्ये पापाची खूण म्हटले आहे. ही खूण पाहायला बॉनेट उघडावे लागत नाही.

मात्र या शोधाला एक मर्यादाही आहे. पाणी सापडत नाही म्हटले की आपण माणसांवर घसरतो. मागच्या मिस्त्रीनेच काही केले असेल, शेजाऱ्याच्या मुलाने नळी ओढली असेल. सूरह अल्-हुजुरातच्या १२व्या आयतीत बऱ्याचशा संशयांपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, कारण काही संशय गुन्हा ठरतात; आणि तेथेच इतरांची हेरगिरी करण्यासही मनाई आहे. यंत्राच्या प्रत्येक जोडावर खुशाल संशय घ्यावा, त्याची बदनामी होत नाही. मिस्त्रीनेही पुरावा नसताना ‘पंप बदलून पाहू’ म्हणून दुसऱ्याच्या खिशातून प्रयोग करू नयेत. शोधायला दिलेल्या वेळाचे पैसे आधी ठरवून घ्यावेत. तशी मजुरी हलाल आहे, मग गळती सापडो वा न सापडो.

आणि ज्याने न सांगता गाडी विकून टाकली आहे, त्याचे काय? अट घातलेली नसेल तर घेणाऱ्याला निवडीचा अधिकार आहे: पूर्ण किमतीत गाडी ठेवावी किंवा परत करावी. त्याच्या ताब्यात इंजिन तापून नवे नुकसान झाले असेल, तर जुन्या दोषामुळे किमतीत पडणारा फरक त्याला मागता येतो. अट घातली असली तरी जाणूनबुजून लपवलेल्या दोषाचा हिशेब विक्रेत्याच्या मानेवर राहतोच. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. एका ठाणात दोष आहे, तो सांगून विका, असे त्यांनी भागीदाराला कळवले होते. भागीदार विसरला आणि गिऱ्हाईक कोण होते तेही त्याला आठवेना. तेव्हा इमामसाहेबांनी ती सगळी किंमत सदका करून टाकली, असे चरित्रकार सांगतात. आपली अडचण त्यांच्याइतकी मोठी नाही. गाडी नावावर करताना भरलेल्या फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता दोन्ही असतात.