अक्काचे गुडघे

देवगाव रंगारीचा भाऊ न्यू जर्सीला गेला आणि तिथलाच झाला. बासष्टीला उजव्या गुडघ्याने दगा दिला. दुकानातल्या नोकरीत विमा नव्हता आणि मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, सहसा पासष्टीशिवाय लागू होत नाही. त्यापेक्षा संभाजीनगरला येऊन वाटी बदललेली बरी, असे त्याने ठरवले. हिशोब चोख होता. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या वर विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. विमानाचे तिकीट धरले तरी अमेरिकेतल्या बिलापुढे हे काहीच नव्हते.

ऑपरेशन नीट झाले. पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "काही आठवडे लांबचा विमानप्रवास नको. पायात रक्ताची गुठळी धरते." मग भाऊ देवगावला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे राहिला.

अक्का पहाटे उठून पाणी तापवायची. वॉकर त्याच्या हाती देऊन मागे उभी राहायची. बर्फाची पिशवी, वेळेवर गोळी, मऊ भात, रात्री हाक मारली की लगेच ओ. भाऊने न्यू जर्सीतल्या मित्राला हौसेने खर्च कळवला: दवाखाना, औषधे, तिकीट, टॅक्सी. "तूही ये, परवडतं," असेही लिहिले. त्या यादीत अक्का कुठेच नव्हती, आणि हे त्याच्या लक्षातही आले नाही.

व्यायाम करून घ्यायला कन्नडहून एक मुलगा मोटारसायकलवर यायचा. एके दिवशी भाऊचा पाय वाकवता वाकवता त्याचे लक्ष अक्काकडे गेले. ती चुलीपुढून उठत होती. आधी दोन्ही तळवे जमिनीवर, मग भिंतीचा आधार, मग दात आवळून एक हिसका.

"मावशी, तुमचे गुडघे यांच्यापेक्षा खराब दिसतात. कधी दाखवलेत?"

"दाखवले की. अद्रकाला भाव आला की करू म्हणलं."

भाऊने कागद मागितले. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली एक्स-रे होता. कोपऱ्यातली तारीख सहा वर्षांपूर्वीची. जे ऑपरेशन त्याला स्वस्त वाटले म्हणून तो अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता, तेच अक्काला इथल्या इथे परवडत नव्हते. शेजारच्या चार घरांत विचारले असते तर अशा आणखी दोन अक्का सापडल्या असत्या, असे मला खात्रीने वाटते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी इचारलंस?" अक्का रागाने बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागले.

वॉकर घेऊनच भाऊ कामाला लागला. राज्याच्या धर्मादाय संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१ कक खालच्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते; ते भाऊने शोधून काढले. अक्काच्या पुतण्याने तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला, रेशनकार्ड जोडले आणि तो अशा एका रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना जाऊन भेटला. सवलतीची खाट मिळाली. उरलेले पैसे भाऊने भरले आणि परतीचे तिकीट पुढे ढकलले.

"अद्रक निघू दे, मग जाऊ," अक्का अडून बसली. या वेळी तिचे कोणी ऐकले नाही.

ऑपरेशननंतरची पहाट भाऊच्या वाट्याला आली. पाणी तापवणे, वॉकर धरणे, हाकेला ओ देणे. त्याच आठवड्यात मित्राचा फोन आला, तिकीट काढू का म्हणून. भाऊ म्हणाला, "काढ. पण आधी सांग, तुला उठवणार कोण? आणि तिचे गुडघे धड आहेत का?"

अक्का दवाखान्यात असतानाच पुतण्याने अद्रक काढून विकले. वॉर्डात येऊन त्याने भाव सांगितला. तो तिच्या मनासारखा नव्हताच.