भिंतीपलीकडची रात्रपाळी

पुण्याहून एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं आहे. बंगल्यांची जुनी सोसायटी. शेजारचे मालक मुलाकडे परदेशी गेले आणि जाताना बंगला एका केअर सेंटरला भाड्याने देऊन गेले. आत स्मृतिभ्रंश झालेले, मनोविकार असलेले पंधरा-वीस जण राहतात. दिवेलागणीला एक आजी कुणाला तरी हाका मारू लागतात, त्या मध्यरात्र उलटली तरी थांबत नाहीत. ड्रेनेजची लाइन दोन्ही बंगल्यांना मिळून एकच. तीत डायपर टाकल्यामुळे चेंबर तुंबून घाण यांच्या अंगणात येते. गेल्या महिन्यात तर भल्या पहाटे एक तरुण कंपाउंडवरून उडी मारून आला आणि त्याने स्कूटरचे आरसे, कुंड्या, तुळशीवृंदावन सगळं फोडलं. सेंटरचा व्यवस्थापक म्हणाला, ‘‘काका, पेशंट आहेत ते. तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसांनी तरी समजून घ्यायला हवं.’’

सोसायटीच्या ग्रुपवर आता सेंटर हटवण्याच्या अर्जावर सह्या चालू आहेत. पत्नी म्हणते, सही करू नका, उद्या आपल्यालाही तिथंच जायचंय. गृहस्थ विचारतात, मी काय करू?

आधी त्या व्यवस्थापकाबद्दल. समजून घ्यायचं ते कुणाला? त्या तरुणाला समजून घ्यायला हवंच. फौजदारी कायदाही घेतो. मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये ही तरतूद होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. पण व्यवस्थापक आजारी नाही. रुग्णाच्या वाट्याची सहानुभूती तो स्वतःच्या धंद्याच्या खात्यात जमा करून घेतो आहे. रुग्णाच्या घरच्यांकडून दरमहा पैसे तो घेणार आणि कुंड्यांचा खर्च मात्र शेजाऱ्याच्या समजूतदारपणातून भागवणार!

इथे एक जुना इंग्लिश खटला आठवतो. 1962 चा सप्टेंबर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूलच्या बंदरात ब्राउनसी नावाचं बेट आहे. सुधारगृहातल्या काही तरुणांना तिथे कामासाठी नेलं होतं, देखरेखीला तीन अधिकारी होते. एका रात्री हे अधिकारी झोपून गेले. सात मुलं निसटली, एक यॉट पळवली आणि ती दुसऱ्या यॉटवर नेऊन आदळली. यॉट मालकाने थेट गृहखात्यावर दावा लावला. सरकारची बाजू अशी, की नुकसान मुलांनी केलं, त्याला आम्ही कसे जबाबदार? शिवाय सुधारणेचं हे लोकहिताचं काम आहे; अशी भरपाई मागू लागलात तर आमची माणसं धास्तावतील आणि कामच बंद पडेल. थोडक्यात, आपल्या व्यवस्थापकाचंच म्हणणं, फक्त वकिली भाषेत. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1970 मध्ये ते बहुमताने फेटाळलं. ज्यांच्यावर सांभाळायची जबाबदारी होती, त्यांच्या बेफिकिरीमुळे शेजारच्याचं नुकसान होणार हे आधीच दिसत असेल, तर त्याबद्दल त्यांना जाब विचारता येतो. काम पुण्याचं आहे म्हणून ते सुटत नाहीत.

मला मात्र त्या झोपलेल्या माणसांचं कुतूहल आहे. ब्राउनसीवरचे अधिकारी हुकूम मोडून झोपले होते. आपल्याकडच्या अशा बंगल्यात पहाटे कोण झोपलेलं असतं? बहुधा ब्युरोकडून आलेली एखादी मावशी किंवा गावाकडून नुकताच आलेला एखादा पोरगा. दिवसभराची पाळी करून, बदली आली नाही म्हणून रात्रीही तिथंच थांबलेला. वीस जणांमागे एक माणूस ठेवायचा हे त्याने ठरवलेलं नसतं. अंधार पडू लागला की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घालमेल वाढते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही माहीत असतं. म्हणजे जास्त माणसं लागतात ती नेमकी संध्याकाळी आणि रात्री. हिशेबाच्या वहीत खर्चाला कात्री लागते तीही तिथंच.

आता खरी अवघड गोष्ट. आपण तक्रार करतो तेव्हा नक्की काय मागतो? बहुतेकदा शांतता. आणि शांतता स्वस्तात मिळते. आजींना संध्याकाळी झोपेची गोळी जास्त द्यायची. त्या तरुणाचा हात ओढणीने खाटेला बांधायचा. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येत नाही, शेजारी समाधानी, व्यवस्थापक समाधानी, आणि आपल्या झोपेची किंमत कुणी मोजली हे आपल्याला कधी कळतही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 97 म्हणतं, की शिक्षा म्हणून रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे कलम लिहिणाऱ्यांना आपली माणसं नीट ठाऊक असणार. तमिळनाडूत एर्वाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे अशाच एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण गेले.

म्हणून पत्र लिहायचं तर ‘आवाज बंद करा’ एवढं लिहून थांबू नये. रात्री ड्युटीवर किती माणसं असतात, डॉक्टर कधी येतात, हे विचारावं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सेंटरची नोंदणी आहे का, हेही विचारावं. बंगल्यावर ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी असली म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांचे गंभीर विकारही येतात. घरचे लोक परगावी, परदेशी. व्हिडिओ कॉलवर त्यांना विंचरलेले केस आणि स्वच्छ चादर दिसते. रात्री दोन वाजता तिथं काय चालतं हे बाहेरच्या कुणाला ठाऊक असेल तर ते भिंतीला लागून राहणाऱ्या शेजाऱ्याला. आजींच्या हाकांना कुणी ‘ओ’ देतं की नाही, हे त्यांच्या मुलापेक्षा आपल्या पत्रलेखकाला जास्त माहीत आहे.

आवाजाचं म्हणाल, तर ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनी गोंगाट आपल्याकडून रुग्णांकडे जाणार हे गृहीत धरलं होतं, आणि गणपतीतले डीजे ऐकता ते बरोबरच होतं म्हणायचं. हाका मारणाऱ्या आजींविरुद्ध ग्रुपवर खवळलेल्यांपैकी कितीजण मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींविरुद्ध कधी बोलले असतील?

सहीचं काय? माझं मत, करू नये. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 19 मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजातच राहण्याचा, वेगळं न काढलं जाण्याचा हक्क देतं. सेंटर हटलं तरी ती माणसं हवेत विरघळत नाहीत. ती शहराबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये जातील आणि तिथं त्यांचं ओरडणं ऐकू जाईल असं शेजारी कुणी नसेल.

पण काकूंचं म्हणणंही मला पूर्ण पटत नाही. उद्या आपल्याला तिथं जायचंय म्हणून आज गप्प बसायचं, हा उलटा हिशेब झाला. जायचंच असेल तर रात्रपाळीला दुसरा माणूस असावा, ही मागणी आजच लावून धरायला हवी.

नुकसानभरपाई तर जरूर मागावी, संकोच नको. आरसे, कुंड्या, वृंदावन, चेंबर साफ करायला आलेल्या माणसाची मजुरी, सगळं यादीत लिहून संस्थेच्या नावाने द्यावं. फक्त पैसे हातात घेण्याआधी एक चौकशी करावी. ते संस्थेच्या खात्यातून आलेत, की त्या पहाटे ड्युटीवर असलेल्या मावशींच्या पगारातून कापलेत? कापले असतील तर ते परत करावेत आणि यादी मालकाच्या नावाने पुन्हा पाठवावी.